श्यामच्या मनाचे दुखणे

फेब्रुवारी १९३३. नाशिकच्या तुरुंगात एक तेहेतीस वर्षांचा राजकैदी दिवसभराचे काम संपले की लिहायला बसत असे. ९ तारखेला त्याने लेखन सुरू केले आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, म्हणजे अवघ्या चार-पाच दिवसांत, एका पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. पुढे १९३५ मध्ये ते ‘श्यामची आई’ या नावाने प्रसिद्ध झाले. लेखक होते पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी.

नव्वद वर्षे होऊन गेली तरी हे पुस्तक घरोघर आहे. आई-वडिलांनी मुलांना आणि शिक्षकांनी वर्गाला ते वाचून दाखवले. मुलांवर संस्कार करणारे पुस्तक अशीच त्याची ओळख राहिली. मनाच्या आरोग्याच्या बाजूने गुरुजींच्या आयुष्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याचे एक कारण असे की तसे पाहायला गेले की शेवटी ११ जून १९५० या तारखेपाशी यावे लागते, आणि तिथे आपण सगळेच गप्प होतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. वडील सदाशिवराव खोत घराण्यातले. एकेकाळी घरात सुबत्ता होती, पण गुरुजींना कळायला लागले तेव्हा तिची फक्त आठवण उरली होती. कर्ज वाढत गेले, इस्टेट गेली, वसुलीची माणसे दारात येऊ लागली. आई यशोदाबाई सतत आजारी असत. ‘श्यामची आई’ हे काही जसेच्या तसे आत्मचरित्र नाही, पण त्यातले घर हेच आहे. कर्जाखाली दबलेले, गावात अब्रू सांभाळताना दमलेले आणि तरीही मुलांच्या जेवणाची, शिक्षणाची काळजी करणारे.

हे घर नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला अनोळखी वाटायला नको. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या ऐन हंगामात गारपीट झाली की, किंवा कांद्याचा भाव पडला की, घरात जे वातावरण होते ते पालगडच्या त्या घराहून फार वेगळे नसते. मोठी माणसे दबक्या आवाजात बोलतात आणि मुले झोपल्याचे सोंग घेऊन ऐकतात. मुलांना आकडे कळत नाहीत, पण आईचा आवाज बदलला हे कळते. मग कोणाचे पोट दुखू लागते, कोणी अंथरूण ओले करते, एखादे शाळेत जायलाच नको म्हणते. पोटाची तपासणी होते, जंताचे औषध दिले जाते. घरात काय चालले आहे हे विचारायचे राहून जाते.

गुरुजींच्या आयुष्यात असे झोपेचे सोंग घेऊन ऐकलेले एक बोलणे आहे आणि त्याचा परिणाम मोठा झाला. पालगड आणि दापोलीनंतर शिकण्यासाठी ते औंध संस्थानात गेले. तिथे गरीब मुलांची शिक्षणाची सोय होई, पण हाल फार होते. त्यात प्लेगची साथ आली, शाळा बंद झाली आणि मुलांना घरी पाठवले गेले. पालगडला परतल्यावर एका रात्री आई-वडिलांचे बोलणे त्यांच्या कानावर पडले. मुलगा खरेच शिक्षणासाठी धडपडतो आहे की नुसती सबब सांगून घरी आला आहे, अशी शंका वडिलांच्या बोलण्यात होती. उपाशीतापाशी राहून शिकणाऱ्या मुलाला ते लागले. तो तडक पुण्याला निघून गेला आणि नूतन मराठी विद्यालयात दाखल झाला.

वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. कर्जाने पिचलेला माणूस रात्री बायकोजवळ जे बोलतो ते मुलासाठी नसते. पण ते बोलणे मुलासमोर, दिवसाउजेडी, शंका म्हणून नाही तर प्रश्न म्हणून झाले असते तर? औंधला काय खातोस, कुठे झोपतोस, एवढे विचारले असते तर? किशोरवयातल्या मुलांच्या आणि पालकांच्या समुपदेशनात आजही अर्धा वेळ याच गोष्टीत जातो. दोघांनाही एकमेकांविषयी काहीतरी वाटत असते, आणि ते दोघेही ते तिसऱ्यालाच सांगत असतात.

पुण्याला गेल्यावर १९१७ मध्ये यशोदाबाई गेल्या. गावात पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती आणि शेवटच्या घटकेला हा मुलगा जवळ नव्हता. तो तेव्हा अठरा वर्षांचाही पूर्ण झाला नव्हता. घरातून रागावून निघालेला मुलगा, आणि त्यानंतर आईची भेट नाही. यापुढचे गुरुजींचे सारे आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरत राहिले असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. आई जिवंत असताना तिच्यासाठी काही करता आले नाही ही खंत त्यांनी पुढची तेहेतीस वर्षे वाहिली.

अपुऱ्या निरोपाचे दुःख वेगळे असते. माणूस गेला की रडू येते, भूक जाते, झोप जाते, आणि महिन्या-महिन्याने ते निवळत जाते. बहुतेकांचे असेच होते आणि त्याला औषध लागत नाही, माणसे लागतात. काहींचे दुःख मात्र एका जागी अडकून राहते. आपण तिथे असतो तर, आपण भांडलो नसतो तर, हे चक्र थांबत नाही. आज यावर उपचार आहेत, ठरावीक पद्धतीने घेतलेली बोलण्याची सत्रे आहेत. १९१७ मध्ये पुण्यात परगावहून आलेल्या गरीब विद्यार्थ्याच्या वाट्याला यातले काहीच येण्यासारखे नव्हते. मनाच्या आजारासाठी सरकारने केलेली सोय म्हणजे येरवडा आणि ठाणे इथली वेड्यांची इस्पितळे आणि १९१२ चा वेडेपणाचा कायदा. त्या कायद्याची भाषा कोंडून ठेवण्याची होती.

मुलगा शिकला. मराठी आणि संस्कृत घेऊन बी. ए. झाला, एम. ए. झाला, अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिला आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. गुरुजींच्या आयुष्यातला हा सहा वर्षांचा तुकडा स्वातंत्र्यलढ्यापुढे झाकला जातो, पण मुलांच्या मनाशी ज्यांचे काम आहे त्यांनी सर्वांत जास्त पाहावा असा तो आहे.

छात्रालयात खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले होती. दहा-बारा वर्षांचे मूल घर सोडून येते तेव्हा पहिले काही महिने ते नेमके काय सोसत असते हे वॉर्डनला सहसा ठाऊक नसते. त्याला दिसते ती बेशिस्त. पसरलेले अंथरूण, न धुतलेले कपडे, काजळी धरलेला कंदील. गुरुजींनी रागावण्याऐवजी स्वतः ते अंथरूण घडी करून ठेवले, कपडे धुतले, कंदिलाची काच पुसली. आधी मुलांनी चेष्टा केली. मग ती ओशाळली, आणि मग स्वतःच करू लागली. कोणी आजारी पडले की गुरुजी रात्र त्याच्या उशाशी काढत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित रोज काढत. त्यात गोष्टी असत, जगातल्या घडामोडी असत, आणि कधी एखाद्या मुलाला चारचौघांत न दुखावता सांगायची गोष्टही असे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले.

यात मानसशास्त्राचा एकही शब्द नाही. पण घडत काय होते? घरापासून तुटलेल्या मुलाला एक मोठा माणूस असा मिळत होता की जो रोज तिथे असतो, घाबरवत नाही, आणि ज्याच्यासमोर रडले तर चालते. जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत यायला अजून वेळ होता. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने आईची माया आणि मुलाचे मानसिक आरोग्य यांवरचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. आईपासून किंवा आईची जागा घेणाऱ्या स्थिर माणसापासून तुटलेल्या मुलांचे काय होते, हे त्यात मांडले होते. गुरुजी त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. आपल्याकडे मुलांच्या मनासाठीचे पहिले मार्गदर्शन केंद्र, म्हणजे चाइल्ड गायडन्स क्लिनिक, १९३७ मध्ये मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने सुरू केले. मुंबईतच. अंमळनेरच्या किंवा नाशिकच्या मुलासाठी छात्रालयातला शिक्षक कसा भेटतो यावरच सगळे होते. खरे सांगायचे तर बऱ्याच ठिकाणी आजही ते त्यावरच आहे.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेतली गुरुजींनी. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते इतर प्रांतांतल्या कैद्यांत राहिले आणि तमिळ शिकले. प्रांताप्रांतांची मने जोडणाऱ्या ‘आंतरभारती’ची कल्पना अशा अनुभवांतून वाढली. आणि मग नाशिक.

नाशिकच्या तुरुंगात जे पुस्तक लिहिले गेले त्यातली आई आपण इतकी देव्हाऱ्यात बसवली आहे की ती काय करते ते नीट पाहत नाही. दोन प्रसंग घ्या. श्यामला पोहायला जायची भीती वाटते, तो लपून बसतो आणि आई त्याला फोकाने मारून विहिरीवर पाठवते. हा प्रसंग सांगून आजही काही पालक मुलांना मारण्याचे समर्थन करतात. माराने भीती जात नाही, ती लपते, हे आज पुरेसे स्पष्ट झाले आहे, तेव्हा त्या फोकाची नक्कल कोणी करू नये. पाहायचे ते त्यानंतरचे. आई वळांना तेल लावते, त्याला जवळ घेते आणि आपण असे का केले ते समजावून सांगते. मुलाशी बिघडलेले नाते त्याच दिवशी दुरुस्त करते. पालकांच्या हातून चुका होणारच. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञाने पुढे हेच सांगितले की मुलाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते. दुरुस्ती झाली की नाही याने फरक पडतो.

दुसरा प्रसंग अळणी भाजीचा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवून उठतात, मुलेही त्यांचे पाहून गप्प जेवतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते. शाळेत हा धडा संयमाचा म्हणून शिकवतात. पण जरा थांबून विचारले पाहिजे की ती मीठ का विसरली. पुस्तकातली ही बाई आजारी आहे, कर्जाच्या विवंचनेत आहे, घरातले सगळ्यांचे करते आहे. तिचे दुखणे वाढत जाते आणि वसुलीला आलेल्या माणसाने दारात केलेला अपमान ती विसरू शकत नाही. मुलाला जगातले सगळे शिकवणाऱ्या या आईची चौकशी संपूर्ण पुस्तकात किती जण करतात? वाचक म्हणून आपण मुलासाठी रडतो. आईला स्वतःला कोणाचा आधार होता, हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अशा बाया रोज येतात. तक्रार असते अशक्तपणाची, अंगदुखीची, डोके जड होण्याची. रक्त तपासले तर बऱ्याचदा हिमोग्लोबिनही कमी निघते, त्यामुळे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्या द्यायलाच हव्यात. पण झोप लागते का, रडू येते का, कशात मन लागते का, हे तीन प्रश्न विचारले तर निम्मी गोष्ट तिथेच उलगडते. बाळंतपणानंतरचे नैराश्य असेच अंगदुखीच्या नावाखाली लपते. आईचे नैराश्य वेळेवर ओळखून उपचार केले तर त्याचा फायदा मुलालाही होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून मुलासाठी मदत शोधणाऱ्या पालकांना डॉक्टर उलट त्यांच्याच झोपेविषयी विचारतात, तेव्हा त्यांनी रागावू नये.

गुरुजींच्या स्वभावाला मराठीत एक शब्द कायमचा चिकटला आहे, हळवे. स्तुती करणाऱ्यांनीही तो वापरला आणि टिंगल करणाऱ्यांनीही. त्यांचे साहित्य रडके आहे अशी टीका त्यांच्या हयातीतच झाली. हळवेपणा हा आजार नव्हे. अंमळनेरच्या मुलांना त्याच हळवेपणाने सावरले होते. पण या शब्दाने एक घोळ केला. गुरुजी उदास झाले, एकटे बसले, त्यांना भरून आले, की ते हळवेच आहेत असे म्हणून पुढे जायची सगळ्यांना सवय लागली. ‘पत्री’ या त्यांच्या संग्रहातल्या अनेक कविता निराशेने भरलेल्या आहेत. वाचकांनी त्या कविता म्हणून वाचल्या. आपल्या घरातही हे होते. एखादा मुलगा पहिल्यापासूनच घुमा, एखादी मुलगी पहिल्यापासूनच रडूबाई. स्वभावाचे नाव दिले की मग त्यात झालेला बदल दिसेनासा होतो. गेल्या महिन्यापर्यंत खेळायला जाणारा घुमा मुलगा या महिन्यात जात नाही, हा फरक मोलाचा असतो.

पुढची वर्षे धावपळीची होती. १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, ‘काँग्रेस’ साप्ताहिक, बेचाळीसचा लढा, राष्ट्र सेवा दलाच्या मुलांमध्ये फिरणे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये उपोषण केले. मंदिर खुले झाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. लग्न केले नव्हते, स्वतःचे असे घर नव्हते. मुक्काम मित्रांकडे, कार्यकर्त्यांकडे. सतत माणसांत असलेला माणूस एकटा नसतो असा आपला समज असतो.

याच शेवटच्या काळात त्यांनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. फुले, पाखरे, समुद्र, पाऊस, देशोदेशीच्या गोष्टी, सणवार, काय नाही त्यात! लहान मुलीशी मोठ्या माणसाने कसे बोलावे याचा तो नमुनाच आहे. तिला कुठेही खाली बसवलेले नाही, कुठेही भाषण ठोकलेले नाही. वाचणाऱ्याला वाटावे की लिहिणारा माणूस आनंदात आहे. कदाचित लिहिताना तो असेलही.

आणि ११ जून १९५० ला मुंबईत गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. वय पन्नास. कसे, हे इथे सांगायचे कारण नाही. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन करू नये असे जागतिक आरोग्य संघटनेचे वृत्तपत्रांना सांगणे आहे, आणि ते सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या घटनेलाही लागू आहे.

का, याची उत्तरे मात्र महाराष्ट्राने पुष्कळ दिली. स्वतंत्र भारताने भ्रमनिरास केला, गांधीजी गेले, समाज बदलेना, आईकडे जायची ओढ होती. यातल्या काही गोष्टी त्यांना खरेच सलत असतील. पण हजारो लोकांना त्याच गोष्टी सलत होत्या आणि ते जगले. आत्महत्येला एकच कारण जवळजवळ कधीच नसते. मृत माणसाला पंच्याहत्तर वर्षांनंतर आजाराचे नाव देणेही योग्य नाही, ते न तपासता दिलेले निदान ठरेल. मात्र त्या मरणाला आत्मार्पण म्हणून उंच जागी नेऊन ठेवणे हे त्याहून घातक आहे. ते वाचणाऱ्या एखाद्या निराश मुलाला त्यातून काय ऐकू येते, याचा विचार स्मृतिदिनाला भाषण करणाऱ्यांनी केला पाहिजे.

त्यांना मदत मिळाली असती का? १९५० मध्ये नैराश्यावरची आजची औषधे नव्हती, ती त्या दशकाच्या उत्तरार्धात आली. विचारांवर काम करणारी आजची समुपदेशनाची पद्धत त्यानंतरची. मुंबईसारख्या शहरात मानसोपचाराची थोडी सोय होऊ लागली होती, पण सार्वजनिक जीवनातल्या माणसाने तिकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का. शिवाय कायदा होता. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होती. मनात असे विचार येतात हे सांगणारा माणूस आधी पोलिसांना भ्यायचा. हे कलम फार वर्षे राहिले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानायला सांगितले आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेले नाही. खेडोपाडी आणि शहरातही अनेक कुटुंबांना हे अजून माहीत नाही. मुलीने काही खाल्ले तर ते पोटदुखी म्हणून सांगतात, आणि उपचारात मोलाचा वेळ जातो. डॉक्टरांना खरे सांगावे.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आई-वडील मुलांना घेऊन थिएटरात गेले आणि सगळ्यांनी एकत्र रडून घेतले. महाराष्ट्रात वडिलांनी मुलांसमोर रडायची मुभा असलेली ती बहुधा पहिली सार्वजनिक जागा.

आज नाशिकमध्ये परिस्थिती वेगळी आहे, पुरेशी नसली तरी. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शाळा आणि अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके असतात. मूल उशिरा बोलते, नजरेला नजर देत नाही, वर्गात मागे पडते, अशी शंका त्यांच्याकडे सांगता येते आणि तिथून पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. किशोरवयातल्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. फोनवर बोलायचे असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. मुलांसाठी १०९८ आहे.

कोणाकडे जावे यावरून पालक गोंधळतात. मानसोपचारतज्ज्ञ हे एम. बी. बी. एस. करून पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्याचे उपचार करतात. समुपदेशक अडचणीतून वाट काढायला मदत करतात. सुरुवात यांतल्या कोणापासूनही झाली तरी चालते, चांगला माणूस गरज पडल्यास योग्य ठिकाणी पाठवतोच. मनाचे निम्मे आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा दहावीची परीक्षा होऊ दे मग बघू, हे गणित चुकीचे आहे. आणि मूल मरणाविषयी बोलले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. त्याला सरळ विचारावे की तुला जगू नये असे वाटते का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारणारे कोणी आहे हे त्याला कळते.

बऱ्याचदा मुलगा यायलाच तयार नसतो. मी काय वेडा आहे का, असे म्हणून दार लावून घेतो. पालक मग तो तयार होईपर्यंत थांबतात आणि त्यात वर्ष जाते. थांबायची गरज नाही. पहिल्या भेटीला आई-वडिलांनी एकटे यावे. मुलाची झोप, जेवण, शाळा, मित्र यांत गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदलले ते एका कागदावर लिहून आणावे, आणि त्याच कागदाच्या मागे स्वतःची झोप कशी आहे तेही लिहावे.